मागचं डावं दार

येळवंडे आबांना गाडीत बसताना मी फारसं पाहिलंच नाही. पाहिलं ते कायम गाडीतून उतरताना. आमच्या चाकणच्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर टाकलेली पहिली गाडी ट्रॅकवर आली की आबा तिच्या पाचही सीटवर आळीपाळीने बसायचे आणि पाचही वेळा उतरायचे. मधल्या सीटवरून तर सरकत, कण्हत, कुणाच्या तरी नावाने बोटं मोडत उतरायचे. तेवढं झाल्याशिवाय त्यांची सही मिळायची नाही. एखादा साहेब घड्याळ दाखवत शेजारी उभा असला तरी आबांचं आपलं एकच, "सायेब, अजून एक शिट राहिलीया."

"बसायला काय, कुनालाबी येतं," असं ते म्हणायचे. "गाडीची परीक्षा मानूस उतरताना व्हती."

त्यांचं नाव दत्तोबा. हुद्दा टेस्टिंगमधल्या सीनियर टेक्निशियनचा, पण साहेबापासून शिपायापर्यंत सगळे आबाच म्हणायचे. बेताची उंची, युनिफॉर्मचा शर्ट गळ्याच्या बटणापर्यंत बंद, जाड काड्यांचा चष्मा. मी सॉफ्टवेअरवाला. परभणीहून पुण्यात शिकायला आलो, निगडीत भाड्याने राहिलो आणि रोज कंपनीच्या बसने चाकणला जायला लागलो. दिवसभर स्क्रीनकडे बघून काहीतरी खरडत असतो म्हणून आबांनी पहिल्याच आठवड्यात माझा 'मास्तर' करून टाकला. "काय मास्तर, आज काय शिकवलं गाडीला?" सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. चार वर्षं इंजिनिअरिंग घासलं ते मास्तर म्हणवून घ्यायला का? पण आबांना कोण बोलणार! आणि खरं सांगायचं तर सहा महिन्यांत मला माझ्या खऱ्या नावाने कुणी हाक मारली की चुकल्यासारखं व्हायला लागलं.

त्यांच्या उतरण्याची मजा अशी की ते स्वतः कधी उतरायचेच नाहीत. दर वेळी कुणीतरी वेगळंच माणूस उतरायचं. एकदा जड साडीतली नवरी उतरली, दोन्ही हातांनी निऱ्या सावरत. एकदा पोट सुटलेला पुढारी, आधी पोट बाहेर, मग तो. एकदा झोपलेलं पोर खांद्यावर आणि हातात पिशवी असलेली बाई. ट्रॅकवरची पोरं पोट धरधरून हसायची. मीही हसायचो. हे सगळं नाटक नाही, काम आहे, हे कळायला मला फार वेळ लागला.

आणि हे सगळं करताना आबा तोंडाने मोजत असायचे. एक भाकरी, दोन भाकरी, तीन भाकरी. सेकंद मोजायची त्यांची ही पद्धत. मी एकदा चिडवायला म्हणून मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावलं. दहा भाकऱ्यांना दहा सेकंद आणि वर थोडंसं काहीतरी. मी तोंडात बोट घातलं. आबा म्हणाले, "पोटाचं नाव हाय मास्तर, त्याला घाई करता येत न्हाई."

ज्या ट्रॅकवर हे चालायचं ती जमीन एके काळी त्यांच्याच घराण्याची. कारखाना आला तेव्हा जमिनी गेल्या, आणि आबांना जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळाली. आयटीआय झालेले होते, वायरिंगला लागले, तिथून टेस्टिंगला. याबद्दल त्यांना कधी रडताना ऐकलं नाही. फक्त नावं त्यांनी सोडली नव्हती. ट्रॅकच्या नकाशात 'ग्रेडियंट तीन' असं भारदस्त नाव असलेला एक तीव्र चढ आहे. आबा त्याला चिंचेचा चढ म्हणायचे, कारण तिथं त्यांची चिंच होती. हळूहळू सगळेच तसं म्हणायला लागले. रोजच्या टेस्टच्या नोंदीतसुद्धा पोरं बिनदिक्कत 'चिंचेचा चढ, तीन फेऱ्या' असं लिहायची.

याच चढावरून उतरताना एकदा मी टेस्टची गाडी कठड्याला घासली. मला खरं तर ट्रॅकवर चालवायची परवानगीच नव्हती. "बघू तरी आपलं सॉफ्टवेअर कसं चालतंय," असली खुमखुमी, दुसरं काय! डावं अंग दाराच्या कडीपर्यंत सोलून निघालं. मी घामाघूम. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. तेवढ्यात टेस्टिंगचे मोठे साहेब आले आणि आबा माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"कुत्रं आडवं आलं सायेब. म्या चालवत व्हतो."

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. एक काच झाली, दुसरी झाली, पुन्हा पहिली. साहेब त्यांना वीस वर्षं ओळखत होते. म्हणाले, "आबा, चष्मा पुसून झाला असेल तर कुत्र्याचा रंग सांगा." आबा म्हणाले, "काळं. शेपूट तेवढं पांढरं." आणि तिसऱ्यांदा काच पुसायला घेतली. साहेब हसत निघून गेले. तेव्हा मला कळलं, आबांना खोटं बोलता येत नाही. बोललेच तर हात चष्म्याकडे जातो. सगळ्या टेस्टिंगला ते ठाऊक होतं, फक्त आबांना ठाऊक नव्हतं.

मी त्यांचे आभार मानायला गेलो तर म्हणाले, "आमच्या मंदाला न्हाई सांगायचं हां. ती म्हनंल, ह्या वयात ठोकायला लागले."

मंदा म्हणजे त्यांची बायको. मी काकू म्हणायचो. काकूंचे गुडघे गेलेले. गाडीतून उतरायचं म्हणजे आधी दार पूर्ण उघडायचं, डावा पाय खाली टेकवायचा, दाराची चौकट धरायची, एक श्वास घ्यायचा, मग उजवा पाय. आबांनी पहिली गाडी घेतली, जुनीच, पण आमच्याच कंपनीची छोटी गाडी, तेव्हा ते काकूंना घेऊन गावातल्या देवळात गेले होते. देवळापुढे चढ. या गाड्यांत अशी सोय असते की चढावर पाय ब्रेकवरून काढला तरी सॉफ्टवेअर थोडा वेळ ब्रेक धरून ठेवतं. मागचं दार उघडलं असेल तर आणखी थोडा वेळ. आबांनी त्यावर विसंबून पाय काढला. काकूंचा एक पाय जमिनीवर आणि एक गाडीत, तेवढ्यात ब्रेक सुटला आणि गाडी मागे सरकली. काकू पडल्या. पाय वाचला, चप्पल चाकाखाली गेली.

दुसरा कुणी असता तर देवाला नारळ फोडून गप्प बसला असता. आबांनी ती चपटी झालेली चप्पल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी डिझाइनच्या मीटिंगमध्ये, टाय बांधलेल्या लोकांच्या मधोमध, टेबलावर ठेवली. "पाच सेकंद धरताय तुमी ब्रेक," ते म्हणाले. "पाच सेकंदात आमची मंदा फकस्त दार उघडती." मग घरी जाऊन त्यांनी काकूंना दहा वेळा उतरायला लावलं आणि मोजलं. सगळ्यात जास्त लागल्या अकरा भाकऱ्या. त्यात त्यांनी एक वाढवली, "पायात चप्पल सापडायला." असे बारा सेकंद झाले. त्या छोट्या गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा वर्षानुवर्षं राहिला. हे मला तिथल्या जुन्या लोकांनी सांगितलं. आबा स्वतः फक्त म्हणायचे, "एक चप्पल गेली, जोडी फुकट गेली."

मग प्लॅटफॉर्म आला.

म्हणजे असं. आधी आमच्या प्रत्येक गाडीचं सॉफ्टवेअर वेगळं. ब्रेक सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, म्हणजे आमच्या भाषेत डबा, एकाकडून घेतलेला, दाराचा दुसऱ्याकडून, प्रत्येकाची भाषा निराळी, एकाला ठीक करावं तर दुसरा रुसणार. कंपनीने ठरवलं की छोट्या गाडीपासून मोठ्या गाडीपर्यंत सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, एकच पाया. काम चांगलं होतं, मी आजही म्हणेन. आबांना मी समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी सगळ्या सुनांना एकाच मापाचं पोलकं." मी म्हणालो, "तसं नाही हो आबा." ते म्हणाले, "शिवा की. फकस्त माप कुनाचं घेताय त्ये सांगा."

जुन्या गाड्यांतल्या हजारो आकड्यांपैकी कोणते नव्यात न्यायचे हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी एक लांबलचक तक्ता होता. प्रत्येक आकड्यापुढे एक रकाना, 'कारण'. कारण लिहिलं तर जुना आकडा राहणार. रकाना रिकामा राहिला तर प्लॅटफॉर्मचा ठरलेला आकडा आपोआप बसणार. दर गुरुवारी परदेशातल्या टीमपुढे स्क्रीनवर एकेक ओळ वाचायची आणि तिची बाजू मांडायची.

कारणं कुठेच लिहिलेली नव्हती. ती आबांच्या डोक्यात होती. दोन महिने ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. वायपरचं पाणी इतका वेळ जास्त का? उसाच्या ट्रॅक्टरमागून गाडी चालवली की काचेवर काय येतं ते बघा. हॉर्नचा आवाज अमुक का? भोसरीच्या चौकात उभं राहून बघा. मी हसत हसत त्याचं इंग्रजी करायचो. आबांनी हातचं काही राखलं नाही. आपल्याला सगळं विचारून झालं की आपली गरज संपणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. एकदा म्हणालेसुद्धा, "मास्तर, पिळून घ्या. नंतर चोथा टाकायचाच हाय." आणि वर मलाच चहा पाजला.

त्यात एक दिवस ती ओळ आली. मागचं दार उघडं असताना ब्रेक धरून ठेवण्याची वेळ, बारा सेकंद.

"कारण काय लिहू, आबा?"

"मंदाचे गुडघे."

मला हसू फुटलं. आबा हसले नाहीत. "ल्ह्या की," ते म्हणाले. "खरं त्येच हाय."

मी म्हणालो, "आबा, हे गुरुवारी साहेबलोकांपुढे वाचायचंय. काहीतरी बरं इंग्रजी बसवतो नंतर." आणि पुढच्या ओळीवर गेलो.

नंतर मी काहीही बसवलं नाही. विसरलो म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. दोनदा ती ओळ समोर आली. दोन्ही वेळा मला 'गुडघे' एवढंच आठवलं आणि त्या कोऱ्या चेहऱ्यांच्या लोकांपुढे हे काय सांगायचं म्हणून लाज वाटली. म्हातारी माणसं, गरोदर बाया, पायाने अधू असलेले, ज्यांना उतरायला वेळ लागतो अशांसाठी! साधं एका वाक्याचं काम होतं. माझ्यासारख्या शहाण्याला ते एक वाक्य सुचलं नाही. रकाना रिकामा राहिला आणि बाराच्या जागी प्लॅटफॉर्मचे चार बसले. मोठ्या गाडीत चार पुरतात, कारण चार सेकंदांनंतर तिथं इलेक्ट्रिक हँडब्रेक आपोआप लागतो. आमच्या छोट्या गाडीत हँडब्रेक हाताने ओढायचा असतो. तिथं चार सेकंदांनंतर काहीच नाही.

नवं सॉफ्टवेअर घेऊन छोटी गाडी ट्रॅकवर आली तेव्हा आबांच्या निवृत्तीला महिना राहिला होता. नेहमीसारखे ते पाचही सीटवर बसले. चिंचेच्या चढावर, मागच्या डाव्या दारातून, ते काकू होऊन उतरले. दार उघडलं, डावा पाय खाली, चौकट धरली, श्वास घेतला. पोरं नेहमीसारखी हसत होती. ड्रायव्हरच्या सीटवर जो होता त्याला गाडी हलल्यासारखी वाटली, त्याने सवयीने ब्रेक दाबला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आबांच्या मात्र आलं.

त्यांनी त्याच दिवशी तक्रार नोंदवली. नियमाप्रमाणे ती आमच्याकडे आली. आमच्या पोरांनी जाऊन तीन वेळा करून पाहिलं. पंचविशीतली पोरं ती, दोन सेकंदांत टुणकन उडी मारून खाली. गाडी जागची हलली नाही. बेंचवर, म्हणजे गाडीशिवाय नुसत्या डब्यांवर जी टेस्ट होते तिच्यातही सगळं हिरवं. तक्रारीवर शेरा मारायचं काम माझं. मी शेरा मारला, 'पुन्हा घडत नाही', आणि ती बंद केली.

मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू! तक्रार वाचल्या वाचल्या मला ती बारा सेकंदांची ओळ आठवली होती. पण उघडून बघायला गेलो असतो तर तो रिकामा रकाना निघाला असता, आणि त्यापुढे माझं नाव. रिलीज तोंडावर आलेलं. माझं प्रमोशन त्याच्यावर लटकलेलं. मी स्वतःची समजूत घातली की आबांना आता सगळीकडे चप्पलच दिसते.

आबा माझ्या टेबलापाशी आले. ओरडले नाहीत. "मास्तर, बारा भाकऱ्या कुठं गेल्या?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, बघतो. ते म्हणाले, "चला, मी दावतो." मी म्हणालो, आज नको. असं चार वेळा झालं. निरोपसमारंभाला शाल, गुच्छ, भिंतीवरचं घड्याळ, मोठ्या साहेबांचं भाषण. आबांना दोन शब्द बोलायला सांगितले तर माईक हातात धरून, माझ्याकडे बघत, ते फक्त एवढंच म्हणाले, "त्येवडं मागचं डावं दार बगा." लोक हसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पुढे तीन आठवड्यांनी दुपारी मेन गेटवरून फोन आला. सिक्युरिटीवाला म्हणाला, "सर, येळवंडे आबा आलेत. तुम्हाला भेटायचं म्हणतात. पास करू का?"

मी जागेवरच बसलो होतो. पुढ्यात चहा होता. मी म्हणालो, "मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगा. नंतर या म्हणावं."

साडेपाचला बस सुटली. गेटपाशी ती नेहमी थोडी थांबते, आतल्यांची ओळखपत्रं बघेपर्यंत. आबा तिथं उभे होते. म्हणजे दुपारपासून तिथंच असणार. गळ्याचं बटण लावलेला पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत काय आहे हे मला विचारायची गरज नव्हती. ज्या जमिनीवर ते नांगरामागे चालले होते तिच्या दाराशी बाहेरच्या माणसासारखे उभे होते, आणि बसच्या एकेका खिडकीत डोकावून बघत होते. मी दिसलो तसा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवीसकट हात वर केला.

मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो. माझ्या बुटांना लेस नाहीत.

बस निघाली. मोशी येईपर्यंत मी मान वर केली नाही.

नवव्या दिवशी आबा गेले. सकाळी अंगणात चहा घेत होते, कप खाली ठेवला आणि कलंडले. बातमी आमच्या बसमध्येच कळली. पुढच्या सीटवरचा एकजण मागे वळून म्हणाला, "राव, आबा गेले." ऑफिसात गेल्या गेल्या मी तो तक्ता उघडला. ओळ सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. रकाना तसाच होता, रिकामा.

नुसतं लिहून आता चालणार नव्हतं. बंद केलेली तक्रार उघडायची तर 'पुन्हा घडतंय' हे दाखवावं लागतं. मी स्वतः सावकाश उतरून बघितलं असतं, पण मला खरं सांगा, हे दाखवण्याचा हक्क माझा होता का? तेरावा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. काकू ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. मी कसंबसं सांगितलं, काकू, तुमच्या गुडघ्यांकडे एक काम आहे. वाटलं, हाकलून देतील. त्या एवढंच म्हणाल्या, "कवा यायचं?"

मोठ्या साहेबांना मी सगळं सांगितलं, रकान्यासकट. त्यांनी स्वतः पासावर सही केली. काकू कारखान्यात पहिल्यांदाच येत होत्या. आबांनी दोनदा विचारलं होतं, पण घरच्यांना आत न्यायची पद्धत नव्हती. ट्रॅकवर आल्यावर त्यांना काही ओळखू येईना. सगळीकडे डांबर आणि पांढरे पट्टे. चढावर गाडी थांबली तेव्हा मात्र त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "हितं चिंच व्हती."

मी ड्रायव्हरच्या सीटवर. चाकांच्या मागे वीतभर अंतर सोडून रबरी ठोकळे लावलेले. दारापाशी दोन्ही बाजूंना दोन पोरं, काकूंना सावरायला. आबांच्या नकलेवर सगळ्यात जास्त हसायची तीच दोघं. काकूंनी दार पूर्ण उघडलं तसा मी पाय ब्रेकवरून काढला. काकू सावकाश डावा पाय खाली टेकवायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या दोघांतला एकजण पुटपुटायला लागला. एक भाकरी. दोन भाकरी. तीन भाकरी. काकूंनी चौकट धरली. चार भाकरी. काकूंनी श्वास घेतला.

पाचवी भाकरी पुरी झाली नाही. गाडी मागे सरकली, ठोकळ्यांना धडकली आणि थांबली. काकूंचा पाय फरफटत गेला, पोरांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं. कुणी हसलं नाही. ज्याने मोजलं होतं तो तोंडावर हात घेऊन बाजूला गेला.

काकू उभ्या राहिल्या, लुगडं नीट केलं. "ह्येच सांगत व्हते व्हय ते?" त्यांनी विचारलं.

"हो काकू," मी म्हणालो. "हेच."

पुढच्या गुरुवारी मी त्या रकान्यात आधी 'मंदाकाकूंचे गुडघे' असं लिहिलं आणि त्याखाली ते एका वाक्याचं इंग्रजी. स्क्रीनवरच्या एका बाईने विचारलं, मंदा कोण? मी सांगितलं, चपलेसकट सगळं सांगितलं. कुणीही हसलं नाही. एवढ्यासाठी मी लाजलो होतो. बारा सेकंद परत आले. पण हे नंतरचं.

त्या दिवशी टेस्ट झाल्यावर काकूंना घरी सोडायला मीच निघालो. त्या मागे बसल्या, त्यांच्या नेहमीच्या डाव्या बाजूला. मेन गेटपाशी पास परत द्यायला थांबलो.

"हितंच उभे व्हते ना त्या दिवशी?" काकूंनी विचारलं.

मी मान हलवली.

"घरी आले ते खुशीतच. म्हनले, मास्तर लई कामात व्हते, भेट न्हाई झाली. पर बसमधनं हात केला त्यांनी. म्हनले, बगनार हाय मास्तर, तू काळजी करू नको."

आबा माझ्यासाठी दुसऱ्यांदा खोटं बोलले होते, आणि या वेळी मी त्यांचे आभारही मानू शकत नव्हतो. मागे बघायचा धीर होत नव्हता. समोर बघतच म्हणालो, "काकू, मी हात नव्हता केला. त्यांनी केला होता. मी खाली वाकलो, मला बघायचं नव्हतं त्यांच्याकडे."

गेटवाल्याने दांडा वर केला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी मला गाडी हलवता येईना.

"म्हाईत हाय मला," काकू म्हणाल्या. "सांगताना चष्मा पुसत व्हते."